बाळंतिणीसाठी निवडलेला कोळसा

आमच्याकडे भरताच्या भट्टीचा उरलेला कोळसा भाजणारीचा असतो. वांगी मालकाची, तेल मालकाचं, पुऱ्या मालकिणीच्या. पण पाहुणे जेवून उठले की भट्टीत जे काळं उरतं ते भाजणारीने घरी न्यायचं. हे कुणी ठरवलं मला माहीत नाही. माझ्या मायने कधी परवानगी विचारली नाही आणि तिला कुणी कधी अडवलं नाही. माझ्या बाळंतपणासाठी तिने एक अख्खा हिवाळा असा कोळसा साठवला. बाळ राहिलं नाही, कोळसा राहिला. त्या कोळशाचं पुढे काय झालं ते मला लिहून ठेवायचं आहे, कारण गल्लीत ते वेगळंच सांगतात.

माय अमळनेरच्या कडेला राहते. दिवाळी झाली की भरताचा हंगाम लागतो, तो होळीच्या आसपास वांगी बियाळेपर्यंत चालतो. कुणाच्या मुलाला नोकरी लागली, कुणी निवडून आला, कुणाची सोयरीक जमली, की मळ्यात भरीत-पार्टी ठरते आणि आसपासच्या गावांतून मायला वांगी भाजायला बोलावणं येतं. कपाशीच्या वाळल्या काड्या पेटवायच्या आणि वर वांगी टाकायची, एवढंच लोकांना दिसतं. पण काडी भसकन पेटते आणि भसकन विझते. तिची राख होते, कोळसा होत नाही. म्हणून माय खाली बाभळीची दोन-तीन खोडं घालते. वरची काडी वांग्याची साल जाळते, खालचं खोड आतला गर शिजवतं, आणि शेवटी ते खोडच कोळसा होऊन मागे राहतं.

भाजलेली वांगी सोलून बडजीत, लाकडी उखळीत, ठेचायला घेतली की बाकीच्या बाया तिकडे जमायच्या. माय भट्टीपाशीच. तिचा सगळा जीव त्या निखाऱ्यांत असायचा. एकदा एक मळेवाले बादली घेऊन आले. त्यांना वाटलं, आग विझवून मदत करावी.

"भाऊ, पानी मारू नका! मन्हा कोयसा शे तो."

"घ्या, घ्या, मावशी. तुमचाच आहे. सोनं तर नाही ना निघत त्यातून?"

"सोनं जयगावले भेटस, भाऊ. आठे कोयसाच शे."

पाणी मारलेला कोळसा कितीही वाळवा, पुढे पेटवला की तडतडतो आणि ठिणग्या उडवतो. माय निखारे सराट्याने उचलून तेलाच्या पत्र्याच्या डब्यात भरायची, झाकण दाबायची आणि वर ओलं पोतं गुंडाळायची. हवा बंद झाली की निखारा आपोआप मरतो. दुसऱ्या दिवशी डबा उघडला की आत काळे, हलके तुकडे. एकमेकांवर आपटले तर काचेसारखे वाजायचे. ते डबे बापाचे होते. बाप तेलाच्या मिलमध्ये हमाल होता. मिल बंद पडली आणि नंतर तोही फार टिकला नाही. डबे टिकले.

आमच्या घरात त्या कोळशाचं काही वाया जात नसे. मोठे तुकडे शेगडीला आणि इस्त्रीला, बारीक भुगा शेणात कालवून त्याचे गोळे, आणि अगदी पीठ झालेलं दात घासायला. कॉलेजात माझे दात पांढरेशुभ्र होते आणि ड्रेसची घडी कडक होती, दोन्ही त्याच कोळशावर. मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. बी.एस्सी. झाले, जळगावला डाळमिलच्या ऑफिसात लागले, स्वतःच्या पसंतीने लग्न केलं. माझं शिक्षण मायच्या भट्टीवर झालं, हे मी नोकरीच्या मुलाखतीतही सांगितलं होतं. लाजायचं काय त्यात?

मला दिवस गेले होते; चौथा महिना लागला तेव्हा हंगाम नुकताच सुरू होत होता. चैत्रात बाळंतपण येणार होतं. पहिलं बाळंतपण माहेरी आणि माहेरी म्हणजे शेगडी. बाजेखाली निखारे ठेवायचे, वर बाळंतीण, कुशीत बाळ. तळहात निखाऱ्यांवर धरून तापवायचे आणि आधी बाळाला शेकायचं, मग आईला. ओव्याची पुरचुंडी, डोक्याला फडकं, जुन्या साडीने बांधलेलं पोट. असा सव्वा महिना.

मी फोनवर म्हटलं, "माय, डॉक्टर शेगडीले नही म्हनतस. बंद खोलीत कोळशाचा वायू साचतो. मानूस झोपेत मरस त्यानी."

"डॉक्टर जलमना तवय त्याले कोनी शेकं? त्याना मायनीच ना?"

"तवय घरं कुडाची होती. हवा यायची."

"मंग खिडकी उघडी ठेवसूत. व्हयनं?"

झालं. खिडकी उघडी, दार अर्धं उघडं, आणि धूर करणारा एकही तुकडा नको, एवढ्यावर आमची तडजोड झाली. त्यातलं शेवटचं तिने फारच मनावर घेतलं. आतून तपकिरी राहिलेला, नीट न जळलेला कोळसा धूर करतो. त्या हिवाळ्यात ती प्रत्येक भट्टीचा कोळसा अंगणात पसरायची, उन्हात बसून एकेक तुकडा हातात घ्यायची, आपटून आवाज ऐकायची. बद्द वाजला की बाजूला. ज्या गृहस्थाला ती दरवर्षी उरलेला कोळसा द्यायची, त्या चौकातल्या इस्त्रीवाल्या चाचांना त्या वर्षी नुसते बद्द तुकडे मिळाले.

मी सुट्टीला गेले की हे बघत बसायची. माझ्या पोटात हालचाल सुरू झाली होती. शेजारची अक्का कुंपणावरून हाक मारायची, "चैतमा शेगडी? आंडेरनं भरीत करशी का वं?"

माय मान वर न करता म्हणायची, "करसू. तू भाकर लिसन ये."

आंडेर म्हणजे लेक, म्हणजे मीच. आणि आम्ही तिघी हसायचो.

एक गोष्ट सांगायला हवी. बाळ जन्मायच्या आधी बाळासाठी काही आणायचं नाही, हा मायचा नियम होता. आमच्याकडे सगळ्यांचाच आहे. मी जळगावहून एक टोपडं आणलं होतं. पिवळं, कानाला नाडी असलेलं. तिने ते हातातही घेतलं नाही. "परत दी ये," म्हणाली. पाळणा, दुपटं, अंगडं, काही नाही. आणि हीच बाई भिंतीला लावून कोळशाचे डबे रचत होती. तिच्या मनात त्याची टोचणी नव्हती, कारण कोळसा तिने आणला नव्हता. तो उरलेला होता. उरलेल्याला कोण वस्तू म्हणतं?

माघात, थंडी अजून जायची होती, एका सकाळी मला जाणवलं की काल संध्याकाळपासून पोट गप्प आहे. मी गोड खाल्लं. डाव्या कुशीवर झोपून पाहिलं. मग नवऱ्याच्या मोटरसायकलवर बसून दवाखान्यात गेलो. सोनोग्राफीच्या पडद्यावर सगळं होतं, डोकं, पाठीचा कणा, घडी घातलेले पाय. फक्त काही हलत नव्हतं. नंतर मला कळा आणवल्या आणि मुलगी झाली. नाळेला गाठ पडली होती. डॉक्टरबाईंनी ती मला दाखवली. मी मागितलं म्हणून दाखवली. मुलीला मी हातात घेतलं. अंग गार होतं, बाकी सगळं होतं, नखंसुद्धा.

माय अमळनेरहून पोचायच्या आत नवरा आणि सासरे मुलीला घेऊन गेले होते. लहान बाळाला पुरतात, आणि तिथे बाया जात नाहीत. माय वॉर्डात आली, माझ्या खाटेशी उभी राहिली आणि तिने माझ्या पायावरचं पांघरूण सारखं केलं.

दवाखान्यातून मी माहेरी गेले. सासूबाई म्हणाल्या, तिथेच बरं. खरंच तिथेच बरं वाटेल असं मलाही वाटलं होतं. पण माय माझ्याशी दुखणेकऱ्याशी वागतात तशी वागत होती. मऊ भात, वरण, गोळी घेतली का. डोक्याला फडकं नाही, पोट बांधलं नाही, अंगाला तेल नाही. शेगडी नाही. आणि माझं अंग तर बाळंतिणीचंच होतं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी दूध उतरलं. ब्लाउज भिजला. माय तो धुवायची आणि दोरीवर आतल्या बाजूला वाळत घालायची, बाहेरून दिसू नये म्हणून. माझी कंबर गार दगडासारखी झाली होती. रात्रंदिवस हुडहुडी भरायची. डबे माझ्या खाटेवरून दिसत होते, समोरच्या भिंतीला, होते तसेच.

रविवारी नवरा जळगावहून गाडीने यायचा. बाजेपाशी बसून मोबाईलकडे बघत राहायचा. एकदा मी पाहिलं तर मोबाईल बंद होता.

गल्लीतल्या बाया भेटायला येत, पण बाळंतिणीला भेटायला येतात तशा नाही. दारातच बसत, मयताच्या घरी बसतात तशा. एके दुपारी त्यांना वाटलं मी झोपले आहे. अक्काचा आवाज होता. वाईट बाई नाही ती. मी शाळेत असताना कितीदा तिच्याकडे जेवले आहे. ती म्हणाली, "तू आधीच शेगडी मांडी ठेयेल व्हती ना, वं माय. आधी मांडू नही."

मी डोळे मिटून पडले होते. माय आता काहीतरी बोलेल, डाफरेल, अशी मी वाट पाहत होते. माझी माय कुणाचं ऐकून घेणारी नाही. पण ती काहीच बोलली नाही, आणि मला कळलं की अक्काने नवीन काही सांगितलेलं नाही. माय हेच स्वतःशी म्हणत होती, दवाखान्यात पाय ठेवल्यापासून.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात हातगाडी वाजली. इस्त्रीवाले चाचा आले होते. मायने निरोप धाडला होता की सगळे डबे घेऊन जा. मी उठून दारात गेले तेव्हा चाचांनी पहिला डबा गाडीवर ठेवला होता. झाकण उघडून ते आत बघत होते.

"बाई, हा कोळसा कपड्यांसाठी नाय," ते म्हणाले. "इतका निवडून कोण देतं? सगळा एकसारखा आहे. घरात राहू द्या, काम येईल."

"मन्हा काय कामना? लई जा."

"फुकटचा आहे म्हणून नेऊ का मी?"

"लई जा म्हनस ना, भाऊ!"

मी म्हणाले, "चाचा, डबा खाली ठेवा."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं, मग मायकडे, मग डबा उतरवला. "मी नंतर येईन, बेटा," म्हणाले आणि रिकामी गाडी ढकलत निघून गेले. शहाणे होते. पुन्हा आले नाहीत.

मग आम्ही दोघी अंगणात. मी भिंतीला धरून उभी होते.

"कसाले देस तू तो?" मी विचारलं.

"घरमा नको माले. त्यानी घात करा."

"कोळसानी? माय, नाळेला गाठ पडली होती. मी डोळ्यांनी देखी."

"गाठ कोनी मारी?"

"कोनीच नही. आपोआप पडस."

"आपोआप काय पडस वं?" ती ओरडली. "तू शिकेल शे ना? सांग माले. आपोआप काय पडस?"

मी पोटातल्या बाळाचं फिरणं, नाळेची लांबी, असं काहीतरी सांगायला लागले आणि अर्ध्यात थांबले. सगळं बरोबर होतं ते. पण तिने विचारलं होतं ते हे नव्हतं, आणि तिने जे विचारलं होतं तेच मीही रोज विचारत होते.

ती खाली बसली आणि मांडीवर हात मारत म्हणाली, "मी जमा करा. मीच आधी जमा करा. टोपडं परत दी येवाले लावं तुले, आणि मी आठे..."

मला तिला जवळ घ्यायला हवं होतं, पण मला रागच आला. खूप राग आला. कारण ती तिचं बोलत होती, गल्ली तिचं बोलत होती, आणि सात महिन्यांचं पोट घेऊन मी ज्या कळा दिल्या त्या कुणाच्याच हिशेबात नव्हत्या.

मी म्हणाले, "माय, मी बाळंतीण शे का नही? एवढंच सांग. पोर गई, ती गई. पण मन्ही पोर होती ना? मी आई व्हयनू का नही व्हयनू? व्हयनू असेल तर माले शेक. नसेल तर तसं सांग, मी उद्याच्या गाडीने जास जळगावला."

ती उठून आत गेली. संध्याकाळी तिने मला नुसता भात वाढला. मी खरोखर पिशवी भरून ठेवली.

सकाळी मला वासाने जाग आली. ओवा तव्यावर तडतडत होता. माय दोन्ही कवाडं उघडून, खिडकी उघडून, अंगणात शेगडी फुलवत होती. धूर नव्हता. जराही नव्हता. इतका स्वच्छ विस्तव मी कधी पाहिला नाही. निखाऱ्यांवर आधी काळी, मग लाल, मग करडी अशी झाक येत गेली. शेगडी तिने आणून बाजेखाली ठेवली. माझ्या डोक्याला फडकं बांधलं. तेल कोमट केलं होतं. मग खाली बसून तिने दोन्ही तळहात निखाऱ्यांवर धरले, चांगले तापू दिले आणि वर उचलले.

आणि ते हात तसेच थांबले. आधी बाळाला, मग आईला. तिच्या हातांना तोच क्रम माहीत होता. गल्लीतली कितीतरी पोरं तिने शेकली होती. ते हात माझ्या कुशीजवळ आले, जिथे बाळ असतं तिथे, आणि हवेत राहिले. मी बघत होते. त्यांची ऊब जाईपर्यंत ते तसेच होते. मग तिने ते पुन्हा तापवले आणि माझ्या पोटावर ठेवले.

माझ्या तोंडून आवाज निघाला. तसा दवाखान्यातही निघाला नव्हता.

माय शेकत राहिली. पोट, ओटीपोट, कूस बदलायला लावून कंबर. बऱ्याच वेळाने, माझी पाठ तिच्याकडे असताना, तिने विचारलं, "कोनासारखी व्हती?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिने आपली नात पाहिलेलीच नाही. आणि एवढे दिवस हे विचारायचीही तिची छाती झाली नव्हती.

"तुन्हासारखी," मी म्हणाले. "कपाळ तुन्हंच. मोठं. केस पन होते. काळेभोर."

"बोटं?"

"लांब. माझ्यासारखी."

"डोया?"

"मिटेल होते, माय."

माझ्या कंबरेवर तिचे हात होते. ते तापलेले होते, आणि मग त्यांच्यावर पाणी पडत होतं, तेही कोमट.

त्यानंतर तिने एक दिवस चुकवला नाही. ऊन चढायला लागलं, फाल्गुनातच जळगाव-धुळ्याकडची ती झळ सुरू झाली, दुपारी पत्र्याला हात लावता येईना, तरी सकाळी शेगडी पेटायचीच. अक्का आली, बाजेखाली विस्तव पाहिला आणि दारात थबकली. माय तिला म्हणाली, "बाहेर काय उभी ऱ्हास? मन्ही आंडेर बायतीन शे. पाय शेकी ले आणि आत ये." बाळंतिणीच्या खोलीत शिरताना विस्तवावर पाय शेकायची आमच्यात रीत आहे. अक्काने पाय शेकले, आत येऊन बाजेच्या कडेला बसली, आणि रडता रडता माझी पावलं चोळू लागली. गल्लीत तरीही काय सांगतात ते मला माहीत आहे: त्या अपशकुनी कोळशाची मायने एका दिवसात होळी केली म्हणे. नाही केली. तो माझ्या अंगाला लागला, एकेक तुकडा, सव्वा महिना. शेवटच्या आठवड्यात डबेही रिकामे झाले आणि भुग्याचे गोळे लावावे लागले.

सव्वा महिन्याने मला न्हाऊ घातलं. इतर बाळंतिणींना पाण्याच्या पूजेला नेतात, कडेवर बाळ असतं, बाया गाणी म्हणतात. मला कुणी नेलं नाही, आणि त्याची मी अपेक्षाही केली नव्हती. दुपारच्या गाडीने मी जळगावला आले.

सोमवारी ऑफिसात गेले. ज्यांना माहीत होतं ते माझ्या टेबलाशी यायचं टाळत होते. नवीन लागलेली एक मुलगी होती, तिला काही ठाऊक नव्हतं. चहा घेताना तिने सहज विचारलं, "मॅडम, बरीच मोठी सुट्टी होती. आजारी होतात का?"

पलीकडच्या टेबलावरच्या बाईंनी तिला खूण केली. ती मी पाहिली.

"आजारी नव्हते," मी म्हणाले. "बाळंतपणाची होती."

"अय्या! काय झालं?"

"मुलगी," मी म्हणाले. आणि मग पुढचं सांगितलं.